काळीतलं घर

भाड्याचं घर बघायला गेलं की आमच्या हुमनाबादेत आधी आडनाव विचारत आणि मग भाडं सांगत. आमचं आडनाव ऐकलं की भाडं सांगायची वेळच येत नसे. "सध्या खाली न्हाई, बाई," असं दारातूनच ऐकवायचे, आणि बोलणाऱ्याच्या खांद्यावरून मला रिकामी खोली, भिंतीतला रिकामा कोनाडा, सगळं स्वच्छ दिसत असायचं. एका घरमालकिणीने मात्र आडनाव विचारलं नाही. तिने बसायला खुर्ची दिली, चहा केला, आणि मी घोट घेत असताना विचारलं, "देवघर कुठल्या कोपऱ्यात करणार?" मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. बुद्धाची एक लहान मूर्ती आहे, ती कपाटावर राहील." माझा चहा संपेपर्यंत तिच्या भाच्याचं लग्न ठरलं आणि ती खोली त्यालाच लागणार असल्याचं तिला आठवलं. आलं घातलेला, छान गोड चहा होता. मला अजून त्या चहाचा राग येतो.

मी सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. नवरा हैदराबादला औषधाच्या कारखान्यात, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. आई गेल्यावर अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी दुबलगुंडीच्या अलीकडच्या आमच्या खेड्यातून माझ्याकडे आणलं होतं. अप्पा जन्मभर एकाच मालकाचे सालगडी. वर्षाच्या बोलीवर राबायचे, पाडव्याला बोली पुन्हा व्हायची, आणि मालकाच्या मनात आलं की वस्तीतली खोपसुद्धा हलवायची. माझी लहानपणाची घरं मला बोटांवर मोजता येत नाहीत. म्हणून नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं की अप्पा जातील ते स्वतःच्या छपराखालून जातील, कुणाच्या मेहेरबानीच्या नाही. दुसरी कुठली मोठी इच्छा मला आठवत नाही.

आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडच्या जमिनीला दगडांचं पीक यायला लागलं. काल ज्वारी उभी होती तिथे आज पांढऱ्या रंगाचे दगड रोवलेले. रस्त्याच्या तोंडाला सिमेंटची कमान, कमानीवर कुठल्या तरी देवाचं नाव आणि पुढे 'नगर'. आत रस्ता नाही, नळ नाही, विजेचा खांब नाही. माणूस तर नाहीच. पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेली माणसं तिकडून पैसे पाठवायची आणि न बघताच प्लॉट घ्यायची. म्हैस पाण्यात आणि मोल काठावर. ज्याला इथे कधी राहायचं नव्हतं तो इथली जागा धरून बसला होता, आणि ज्याला उद्याच राहायला जायचं होतं त्याला दर महिन्याला नवा भाव ऐकावा लागत होता. आमच्या शाळेत तर मधल्या सुट्टीत पोरांच्या अभ्यासाचं कुणी बोलेना. "तुम्ही कुठं घेतलाव?" हाच प्रश्न. वर्गात पाढे म्हणून घ्यायचा ज्यांना कंटाळा, ते फुटाचा भाव तोंडपाठ सांगायचे. त्याला ते 'इन्व्हेस्टमेंट' म्हणायचे. मी घर म्हटलं की मला भोळी समजून हसायचे.

शेवटी एक दलाल भेटला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलताना निम्मी दखनी. तो पूर्वी खत-बियाण्याच्या दुकानात कामाला होता. कुणाच्या रानाला काय मानवतं, कुठली जमीन पाणी धरते, कुठली सोडते, हे तो शेतकऱ्यांना सांगायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे त्याने "मला काय म्हाईत?" असं म्हटलं, तेव्हा मला त्याच्या तोंडाचा जो राग आला तो याच्यामुळे. याने एकदाही माझं आडनाव विचारलं नव्हतं. पैसे देणाऱ्याचं आडनाव विचारायचं नसतं, भाडं देणाऱ्याचं विचारायचं असतं, एवढं शहाणपण त्या धंद्यात होतं.

त्याचं लेआऊट उताराला होतं. वरच्या अंगाला लाल मुरमाड माळ, खालच्या अंगाला ओढ्याकडे जाणारी काळी जमीन. जाताना रिक्षात त्याने आधी दिशा विकायला काढल्या. पूर्वेला तोंड असेल तर भाव जास्त, ईशान्य मोकळी असेल तर आणखी जास्त. मी म्हटलं, "ते आमच्याकडे चालत नाही. सूर्य सगळ्या बाजूंनी येतो." मला फार अभिमान वाटला त्या वाक्याचा. आम्ही वास्तूला भुलणारी माणसं नव्हतो. आमच्यासाठी वेगळा सापळा तयार होता.

त्याने दोन प्लॉट दाखवले, दोन्ही तीस बाय चाळीस, दोन्ही एकाच भावाचे. एक माळावरचा. अप्पांनी तिथे चपलेने माती उकरली, दोन खडे निघाले. "हितं कुसळं बी उगवायची न्हाईत, माय," ते म्हणाले. मग आम्ही खाली आलो. खालच्या प्लॉटवर ज्वारीची धसकटं अजून उभी होती. अप्पा बसले. त्यांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं, चिमूटभर माती अंगठ्याने तळहातावर चोळली, नाकाजवळ नेली. मग तिथेच एक भेग होती तिच्यात त्यांनी हात घातला. मनगटापर्यंत गेला. ते माझ्याकडे बघून हसले. माझ्या लग्नातही मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"कसली माती हाय बग. असली माती म्या पन्नास वर्सं वखरली, पर दुसऱ्याची. भेग बग केवढी हाय. जेवढी भेग मोठी तेवढी माती कसाची."

दलालाने एक क्षणही दवडला नाही. तो म्हणाला, "अप्पाजी, नजर लई तेज हाय तुमची. ह्यो प्लॉट मी माझ्यासाठी धरून ठेवलाव."

आणि बोलता बोलता त्या प्लॉटचा भाव वाढला. अप्पांना आयुष्यात कुणी 'जी' लावलं नव्हतं. मालकाच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना एकेरीत हाक मारायचं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाढीव भाव कबूल केला. माझ्याकडचे दागिने, नवऱ्याची बचत, शाळेच्या सोसायटीचं कर्ज, सगळं त्यात गेलं. रजिस्ट्री अप्पांच्या नावावर केली. आमच्या कुळात जमिनीच्या कागदावर आलेलं ते पहिलं नाव. अंगठ्याची शाई त्यांनी घरी येईपर्यंत पुसली नाही.

गवंडी दलालानेच दिला. "प्लॉट बी आपला, माणूस बी आपला, तुमी बिनघोर ऱ्हावा." त्याने तीन फूट खणलं आणि पाया भरला. मला त्यातलं काय कळत होतं? अप्पा रोज सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारायचे, पिकाला पाण्याची पाळी द्यावी तसं मनापासून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. राहायला गेलो त्या दिवशी आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं, गावाकडच्या आमच्या वस्तीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. अप्पा दारात उभे राहून येणाऱ्याला "या, घर आपलंच हाय" म्हणत होते. तेवढंच वाक्य, दिवसभर.

पहिल्याच उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. आमच्या वस्तीतल्या मातीच्या घराला दरसाल भेगा पडायच्याच, आणि आई माती-शेण कालवून त्या लिंपायची. भिंत म्हटली की भेग आली, असंच आम्ही धरून चालत होतो. अप्पांनी सिमेंट कालवून चीर बुजवली. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसलं, ढकलून उघडावं लागायला लागलं. फरशी मधोमध फुगली. दुसऱ्या उन्हाळ्यात बुजवलेली चीर पुन्हा उघडली, शेजारी तिच्या दोन बहिणी आल्या. तिसऱ्या वर्षी चिरांतून बाहेरचा उजेड आत दिसायला लागला.

तेव्हा मी बीदरकडचा एक म्हातारा गवंडी शोधून आणला. त्याने भिंतीलगत खड्डा घेतला, आत वाकून बघितलं आणि हात झटकले. "बाई, ही काळी. पाणी पिली की फुगतीया, वाळली की आकसतीया. वरची भिंत काय करंल बिचारी? मुरूम लागस्तोवर खणायला पायजे होतं. न्हाईतर वरच्या अंगाला घ्यायचं, तिथं दोन फुटावर मुरूम हाय."

वरच्या अंगाला म्हणजे जिथे अप्पांच्या चपलेला दोन खडे लागले होते तिथे.

शाळेत मी हे बोलले ही माझी चूक. आमचे मुख्याध्यापक गडगंज शेतीवाले. ते चष्मा काढून हसले आणि म्हणाले, "एवढ्या शिकल्या-सवरलेल्या तुमी, आन् काळीत कुणी घर बांधतं व्हय, बाई? काळीत पेरावं, पांढरीत ऱ्हावं. हे आमच्याकडं बारकं पोरगं बी सांगंल."

गाव जिथे वसतं त्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि कसतात त्या जमिनीला काळी, हे मलाही पुस्तकात वाचून माहीत होतं. पण तिथे बाकीचे मास्तर दात काढून बसले होते आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "सर, तुमच्याकडचं पोरगं सांगेल, कारण ते पांढरीत जन्मलं. आमच्या वडिलांना कुठून कळणार? गावाने त्यांना पांढरीत पाय ठेवू दिला होता का कधी? गावाच्या खाली, ओढ्याच्या काठाला, काळीच्या कडेला आमची वस्ती. घर तिथेच असतं असं त्यांनी जन्मापासून पाहिलं. काळीत राबायला त्यांना गावाने शिकवलं. पांढरीचं शहाणपण तुम्ही घरात ठेवलंत आणि आता वरून हसताय?"

ते म्हणाले, "तसं न्हाई म्हणायचं मला." मग त्यांनी हजेरीपत्रक मागितलं. त्या दिवसापासून माझ्या भेगांवर माझ्यासमोर कुणी हसलं नाही, आणि चौकशीही केली नाही.

दलालाकडे गेलो तेव्हा त्याच्या ऑफिसला काचेचं दार लागलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा. "मी जमीन विकलाव, अक्का. घर किती खोल बांधायचं ते मी सांगतो व्हय? मला काय म्हाईत? आन् निवड कुणाची? अप्पाजींचीच की." अप्पा माझ्या शेजारी उभे होते. काचेवर तळहाताचा डाग पडेल म्हणून त्यांनी आत येताना दार खांद्याने ढकललं होतं. मी खूप बोलले, त्याच्या खताच्या दुकानापासून सगळं काढलं. त्याने मागे टेकून पंखा वाढवला.

त्यानंतर अप्पांनी बाज बाहेर काढली. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली, घराकडे पाठ करून ते बसायचे. पावसात फक्त आत यायचे. मागच्या दहा-बारा फुटांत त्यांनी वांगी लावली, मिरच्या लावल्या, अंबाडी लावली. आणि काय सांगू, त्या मेल्या मातीत ती भाजी अशी यायची की बघणाऱ्याने दृष्ट काढावी. अप्पा ती सगळ्यांना वाटायचे. स्वतःच्या ताटात वाढलेली वांगी मात्र बाजूला सारायचे. त्यांचा काय दोष होता? ज्या मातीसाठी त्यांनी पन्नास वर्षं जीव टाकला ती माती त्यांना ओळखू आली, एवढाच. मी त्यांना हे सांगितलं तर ते म्हणायचे, "असू दे गं माय," आणि विषय संपायचा.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मग एकाएकी भाव असे वाढले की लोकांचं डोकं फिरायची पाळी आली. रस्ता रुंद होणार, कारखाना येणार, काय काय बातम्या. कुठलं काही आलेलं मी पाहिलं नाही, पण भाव आले. एक दिवस फाटकासमोर गाडी थांबली आणि तोच दलाल उतरला. केसांना कलप, खिशात पेनांच्या जागी दोन मोबाइल.

"अक्का, घराला किंमत शून्य," त्याने खुर्चीत बसता बसता सांगितलं. "पर जागेला किती हाय बघा." त्याने आकडा सांगितला. तेवढ्यात बीदरला लाल मातीवर तयार फ्लॅट आला असता आणि वर उरलं असतं. "गिऱ्हाईक पुण्याचं हाय. फक्त बघायला येतील तवा भिंतींला लांबी भरून रंग मारून घ्या. उगं बायामाणसांच्या मनात येतंय."

आता इथे मला स्वतःबद्दल लिहायचं आहे आणि तिथे पेन अडतं. मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. मी त्याला विचारलं, "कधी येतील?"

मनात मी हिशेब पक्का केला होता. आम्हाला कुणी सांगितलं होतं? कोण धावून आलं होतं? पुण्याचा माणूस घेतो आहे, इन्व्हेस्टमेंट म्हणून घेईल, पाडेल, विकेल, त्याला भेगांचं काय? अप्पांना शेवटी तरी धड भिंती मिळतील. त्यांना मी एवढंच सांगितलं की घर विकून बीदरला जाऊ. ते "तुझ्या मनाला येईल तसं कर" म्हणाले. आठवडाभर माणूस लावून मी सगळ्या भेगांत लांबी, म्हणजे रंगाआधी लावतात तो पांढरा लगदा, भरली, घासून घेतली, वर बदामी रंग दिला. घर इतकं सुंदर पूर्वी कधी दिसलं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं. तिशीतलं जोडपं, तो पुण्यात टेम्पो चालवायचा. बरोबर त्याचा म्हातारा बाप, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. त्यांना पाडायचं नव्हतं आणि पुढे विकायचंही नव्हतं. बाई मला सांगत होती, "आमचं तिकडं भाड्याचं खुराडं हाय. सासऱ्याला तिथं गमना. त्यांनी जलमभर उघड्यावर काढलं. आता त्यांना एक पक्कं घर करून द्यायचं हाय, म्हणून समदं मोडून आणलाव." मी ऐकत होते आणि चहात साखर घालत होते.

म्हातारा मागच्या दाराने परसात गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. तो वांग्यांच्या ओळीपाशी बसला. ढेकूळ उचललं, फोडलं, अंगठ्याने चोळलं, नाकाजवळ नेलं. मग तो हसला. ते हसू मला माहीत होतं.

मी चहा गाळला. कप ताटलीत मांडले.

दलाल परसात त्याच्या मागे उभाच होता. तो म्हणाला, "अप्पाजी, नजर लई तेज हाय तुमची."

ते शब्द पुढे कडुनिंबाखाली ऐकू गेले आणि अप्पा उठले. त्यांच्या हातात खुरपं होतं. ते आत आले, स्वयंपाकघरात माझ्या शेजारून खिडकीच्या कोपऱ्याशी गेले आणि खुरप्याच्या टोकाने बदामी रंग खरवडायला लागले. लांबीची पांढरी पूड खाली पडली. बोटभर चीर उघडी झाली, मग हातभर. आवाज ऐकून परसातले दोघे आत आले, तेव्हा ते वळून त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पावणं, हात घाला हितं."

म्हाताऱ्याने बोटं घातली. पेरं आत गेली.

"माती चांगली हाय," अप्पा म्हणाले. "लई चांगली हाय. पर ती पेरायची हाय. म्या बी तुमच्यावाणीच हातात घेऊन बघितलो आन् फसलो. वरच्या माळाला बघा जागा. खडं लागलं की समजा घर टिकतंय."

दलाल पुढे झाला. "अप्पा, कामून उगं बोलायलाव? जागा अक्का विकायलीय, तुमी गप बसा की."

"कागदावर नाव माझं हाय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आमच्या घराण्यात पयलं नाव हाय ते. लबाडी केली तर ती बी माझ्याच नावावर लागंल."

पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते गेले. जाताना त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. रंग नवा होता हे तिलाही कळलं होतं. दलाल फाटकात मला म्हणाला, "म्हाताऱ्याला आवरायला पायजे होतं, अक्का. दोघांचं बी नुकसान झालं." तो 'दोघांचं' म्हणाला आणि त्यात मला धरलं. ते खोटं नव्हतं.

आत आले तर अप्पांनी कडुनिंबाखालची बाज उचलून आणली होती आणि त्या खरवडलेल्या भिंतीला लावून ते आडवे झाले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ऊन असताना, आत. त्याच घरात, त्याच भिंतीपाशी ते दोन पावसाळ्यांनी गेले. छप्पर त्यांचंच होतं.

मी त्या दुपारी कप विसळत बसले. त्या मुख्याध्यापकावर, त्या दलालावर, सगळ्या गावावर मी इतकी वर्षं राग धरून होते आणि तो धरायलाच हवा होता, आजही धरते. पण एका कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर राहिली होती. पाहुण्यांना आवडावा म्हणून मी आलंही घातलं होतं. त्या घरमालकिणीने घातलं होतं तेवढंच.